घरपट्टीची सूट आणि माझा सुटीचा अर्ज

आमच्या पिपरी मेघेच्या कॉलनीत खजिनदाराची जागा रिकामी झाली, तेव्हा सिस्टरांचं नाव अध्यक्षांनी सुचवलं. मी फक्त अनुमोदक. सूचकाला पुढची भांडणं निस्तरावी लागतात, अनुमोदकाने एकदा उभं राहून खाली बसलं की झालं. शाळेच्या सभांमध्ये मास्तरकीची सगळी वर्षं मी हेच करत आलो.

सिस्टर म्हणजे शेजारच्या निवृत्त नर्सबाई. त्यांचे मिस्टर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, हयात होते तोवर तेच खजिनदार. सभेत सिस्टरांचं काम चहाच्या कपांपुरतं. आता ते पद त्यांना मनापासून हवं होतं आणि तसं त्यांनी सरळ सांगितलंही होतं.

"सर, मले एकदा खुर्चीवर बसून सभा पाहाची हाय. दारात उभी राहून लय पाह्यल्या."

ओला-सुका कचरा वेगळा देणाऱ्या घरांना ग्रामपंचायतीने घरपट्टीत सूट दिली होती. ती मार्चअखेर संपणार होती. तिची मुदत वाढवून आणते, मग मला मत द्या, असं सिस्टर घरोघर सांगून आल्या. अर्ज लिहायचं काम अर्थातच माझं. माझ्या अक्षराचा आणि कार्यालयीन मराठीचा मला भारी गर्व. मी विषय लिहिला, 'सुटीची मुदत वाढवून मिळणेबाबत.' व्याकरणाच्या दृष्टीने सूट या शब्दाचं रूप अगदी बरोबर होतं. पण जन्मभर लिहिलेले रजेचे अर्ज हातात असे मुरलेले, की खालचा मजकूरही तसाच उतरला, 'सदर सुटी मार्चअखेर संपत असून ती आणखी एक वर्ष वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.' घरपट्टी हा शब्द अख्ख्या अर्जात कुठेच नाही! सिस्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता सही केली.

निवडीच्या सभेत अध्यक्षांनी ग्रामपंचायतीचं उत्तर मोठ्याने वाचलं. अर्जदार या कार्यालयाच्या कर्मचारी नसल्याने त्यांची सुटी वाढवता येत नाही.

सभा खो खो हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "सिस्टर, कुठी फिराले चालल्या वर्षभर?"

दुसरे उमेदवार बँकेतून निवृत्त झालेले. ते हसले नाहीत. म्हणाले, "ज्या बाई सही करताना कागद वाचत नाई, त्या तिजोरी काय सांभाळतीन?"

हशा थांबला. सिस्टरांना माझं नाव सांगता आलं असतं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीचे धागे निरखत होतो. चांगली दोन मिनिटं निरखले.

"अनुमोदक कोण हाय?" मतदानाआधी रीतीप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, आणि मला उठावंच लागलं. म्हणालो, "अर्ज मी लिहिला. चूक माझी आहे. सिस्टर तो वाचायला लागल्या असत्या, तर मीच रुसून बसलो असतो. मी तसाच माणूस आहे."

हात वर झाले. सिस्टर तीन मतांनी निवडून आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चार ओळींचा अर्ज लिहून मला दाखवला. एक वेलांटी चुकली होती, पण मी तोंड उघडलं नाही. आठवडाभरात मुदतवाढ मिळाली.

ते पत्र घेऊन त्या आमच्या फाटकाशी आल्या. हसतच म्हणाल्या, "साहेब खजिनदार होते ना सर, तवा त्यायच्या चुका मी माह्या म्हणून सांगो. आपली चूक आपली हाय म्हणणारा माणूस म्या पयल्यांदा पाह्यला."

पण सभेत उठण्याआधी मी सतरंजी निरखण्यात घालवलेली दोन मिनिटंही त्यांनी पाहिली होती.