धुळाचं मुरलेलं पाणी

धुळा वीरकर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात तोलार होता. दिवसभर पोती काट्यावर चढवायची आणि वजन ओरडून सांगायचं. बारा वर्षांत हळदीची धूळ त्याच्या नाकात अशी बसली की दुसरा कुठलाच वास त्याला येईना. धुळा चहा आणि रॉकेल बाटली बघून ओळखतो, असं हमाल म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि खरं किती, हे कुणी तपासलं नाही. पण १९९७ च्या जुलैत, एका गुरुवारी, हे नाक त्याला नडलं.

धुळा मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूचा. लहानपण मेंढरांमागं गेलं. माशाशी संबंध आला तो मिरजेत. डोळ्यात हळद गेली म्हणून एका दवाखान्यात तो दोन तास बसून होता आणि समोर काचेच्या टाकीत एंजल मासे फिरत होते. चपटे, त्रिकोणी, संथ. डोळा बरा झाला, पण ते मासे डोळ्यांपुढून हलेनात. आधी त्यानं गप्पी पाळले, मग एंजल आणले. थोरला भाऊ कोंडीबा गावाकडून आला की टाकीसमोर उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "माणात मानसाला टँकर, अन् आमच्या धुळाच्या घरी माशाला हौद. चालू दे गड्या."

काळ्या एंजलची एक जोडी धुळानं पिलापासून वाढवली होती. त्यांची वीण घ्यायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. टाकीत तिरकी लावलेली शाळेची फुटकी पाटी होती. मादी त्या पाटीवर अंडी घालायची, नर पंखांनी वारा घालायचा आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून अंडी खाऊन टाकायचे. असं पाच वेळा झालं. पहिलटकरीण मेंढी कोकराला अंगाशी येऊ देत नाही, हे त्यानं पाहिलं होतं. तिथं मेंढी धरून कोकरू लावता येतं. इथं धरायचं कुणाला?

सहाव्या वेळी त्यानं अंड्यांसकट पाटी उचलून वेगळ्या टाकीत ठेवली. तीनेकशे पिलं निघाली आणि सातव्या दिवशी पोहायला लागली. त्याच आठवड्यात नर अंगावर पांढरे धागे येऊन मेला. मादीही खाणं सोडून कोपऱ्यात उभी राहिली. म्हणजे जे काही होतं ते या छोट्या टाकीत होतं. सातवी वेळ येणार नव्हती.

पिलांना तो उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घालायचा. त्यानं पाणी नासतं, म्हणून रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. नळाचं पाणी थेट चालत नाही. पावसाळ्यात त्यात जंतू मारायची पावडर जास्त असते. त्यासाठी मोरीजवळ एक निळा ड्रम होता. त्यात पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं, पावडर उडून जाते. धुळा त्याला मुरलेलं पाणी म्हणायचा.

बायको बाळंतपणाला कडेगावला, माहेरी गेली होती. घरात त्याची आई होती, धोंडुबाई. पंधरा दिवसांपूर्वीच ती गावाहून आली होती.

गुरुवारी आठ वाजता वीज जायची ती चारला यायची, तोवर टाकीत हवा सोडणारा पंप बंद. त्यासाठी धुळानं एक युक्ती केली होती. ट्रकच्या ट्यूबमध्ये पंक्चरवाल्याकडून हवा भरून आणायची, तिला सलाईनची नळी जोडायची आणि नळीवरचं चाक फिरवून हवा इतकी बारीक करायची की टाकीत एकेक बुडबुडा सुटेल. त्या दिवशीही तो साडेसहालाच ट्यूब खांद्यावर टाकून बाहेर पडला. परतला तेव्हा आठ वाजत आले होते आणि नळ येऊन गेला होता.

त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढलं. ड्रममध्ये प्लास्टिकचा मग बुडवला आणि काचेच्या कडेनं पाणी सोडलं. एक मग, दोन, तीन, चार. पाचवा भरून वळला तेव्हा पिलं वर आलेली दिसली. सगळी एकदम. काही आडवी होऊन स्वतःभोवती फिरत होती.

धुळानं मग खाली ठेवला. ड्रमला नाक लावलं. हळद.

"आये, हिकडं ये. ह्याचा वास घे."

धोंडुबाईनं वाकून वास घेतला. "नळाचा येतोय की."

"नळाचा कसा? परवाचं पानी हाय ते."

"परवाचं कुठलं? आज ताजं भरलंय. शालूबाई बोलली मला. आवं धोंडुबाई, म्हनली, रोज नळ येतोय अन् शिळं पानी काय ठिवताय, तुमी काय अजून माणात हाय व्हय? दोघींनी मिळून डरम रिकामा केला. घासला बी."

शालूबाई शेजारीण. रोज सकाळी कालचं पाणी ओतून भांडी घासून ताजं भरायचं, ही तिच्या घरची रीत. धोंडुबाईनं उभ्या जन्मात पाणी ओतून दिलं नव्हतं. गाव सोडल्यावर पहिल्यांदाच ती शहरातल्या बाईसारखी वागली होती आणि तिला ते आवडलंही असावं.

टाकीच्या तळाशी पिलं बसू लागली. मोठ्या टाकीत पाणी होतं, पण तिथं नर मेला होता. ते पाणी घालणं म्हणजे रोग घालणं. धुळानं ट्यूबची नळी टाकीत सोडली आणि हवा पुरी उघडली. एवढ्यानं भागणार नव्हतं.

"वतलं कुठं ते पानी? गटारात?"

धोंडुबाईनं मागल्या दाराकडं बघितलं.

"आये, कुठं वतलंस?"

"शालूबाई डरम घासायला राख आनाय घरी गेली. तेवढ्यात निम्मं भांड्यांत भरून ठिवलं. हात उचलंना माझा. एवढं नितळ पानी गटारीत सोडायचं?" ती ओशाळून म्हणाली. "मागल्या दारी हाय. भांड्याला घेतलं असतं."

मागच्या दारी पत्र्याखाली भांडी ओळीनं झाकून ठेवली होती. तांब्याचे दोन हंडे, एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची घागर, एक बादली. धुळानं हंडे बघितले आणि पुढं गेला. तांब्यातलं पाणी माशाला विष. बादलीत धुणं भिजत होतं. उरली घागर.

"ह्यात नळाचं मिसळलंस का?"

"न्हाई."

"नीट आठव."

"न्हाई म्हनलं न्हवं. हिला सगळ्यात आदी भरली. वास घेऊ का?"

"घे."

तिनं वास घेतला. मग ओंजळभर पाणी पिऊन बघितलं. "ह्याला कशाचाच वास न्हाई."

येणाऱ्या बाळासाठी आणून ठेवलेला टब फळीवर होता. धुळानं तो काढला, घागर ओतली, ट्यूबची नळी टाकीतून काढून टबात सोडली. पण सगळी पिलं त्यात घातली नाहीत. अनोळखी ओढ्यावर बाप आधी एक मेंढी पाजायचा आणि बाकीची रोखून धरायचा. धुळानं वाटीनं तीन पिलं उचलून टबात सोडली आणि मांडी घालून बसला.

तीनही पिलं तळाला गेली. टाकीत मरत होती ती वेगळी. घाई केली आणि घागर खराब निघाली तर सगळंच गेलं. थांबलं तर मिनिटागणिक दहा-पंधरा जात होती. धोंडुबाई मागं उभी होती.

एक पिलू उठलं. मग दुसरं. दोन बोटं पोहून बुडबुड्यापाशी गेलं. तिसरं उठलं नाही.

"धर वाटी," धुळा म्हणाला.

माय-लेक वाट्यांनी पिलं उचलत राहिले. ट्यूब सैल पडत गेली. अकराला धुळानं ती पुन्हा भरून आणली, मग तिसऱ्यांदा. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. चार वाजता वीज आली तेव्हा टबात अठ्ठ्याऐंशी पिलं होती. टाकीतलं पाणी त्यानं फडक्यातून गाळलं आणि जे फडक्यावर राहिलं ते लिंबाच्या झाडाखाली पुरलं.

पुढं अठ्ठ्याऐंशीतली छत्तीस मोठी झाली. त्यातली एकोणीस पूर्ण काळी होती.

शुक्रवारी नळ आला. धोंडुबाई विटेवर पाट टाकून आदल्या दिवशी भरलेल्या ड्रमजवळ बसली आणि तिनं तांदूळ निवडायला घेतले. थोड्या वेळानं शालूबाई आली आणि ड्रममध्ये डोकावली.

"आवं, हे कालचंच न्हवं?"

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. "हात लावू नगा. उद्या लागतंय ते."