सखूनं दुमडलेलं पान

"पान दुमडून ठेवलंय, तोडीवरून आले की फुडचं वाचीन," सातवीत असताना माझी मैत्रीण सखू म्हणाली होती. वाचनालयाचं ते पुस्तक मी तसंच परत केलं.

ऊस तोडायला गेलेल्या सखूचं फडावरच लग्न लागलं. पहिल्या बाळंतपणात ती गेली.

मंडळी, चाळिशीनंतर मी ग्रंथालयाचा कोर्स करतेय. आज सोनईत, त्याच वाचनालयात प्रात्यक्षिक होतं. जीर्ण पुस्तकांवर 'रद्द' असा शिक्का मारायचा. तेच पुस्तक हातात आलं. पान अजून दुमडलेलं होतं.

"ताई, धूळ गेली व्हय डोळ्यात?" कोर्समधली शेजारी बसलेली मुलगी हसली.

"मारा शिक्का, कुणी वाचत नाही ते," सर म्हणाले.

मी शिक्का न मारता पुस्तक बाजूला ठेवलं.

नियम मला पाठ आहे, उत्तरही ठाऊक आहे. तरी उद्या विचारणार आहे: सर, एवढं एक पुस्तक कपाटात राहू द्याल?