सुभेदारांच्या चंचीतल्या गोळ्या

हे मी कुणाजवळच बोललेले नाही — नवऱ्याजवळ नाही, मिरजेच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं जिच्यासोबत डबा खाल्ला त्या मैत्रिणीजवळही नाही. तुम्हाला सांगते. पण आधी त्या दिवसाचा आनंद सांगू दे, कारण तो खरा होता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी नवी नर्स. हृदयाच्या रोग्यांना गोळी कशी घ्यायची ते शिकवायला आमची जीप गावोगाव जायची. कराडच्या अलीकडे एका गावात डॉक्टर शाळेत रोगी तपासायला बसले आणि मला म्हणाले, चावडीवर आज तूच बोल. मी — एवढ्या माणसांपुढे? अंगात नुसतं वारं शिरलं. छातीत कळ आली की हातातलं काम टाका, खाली बसा, गोळी जिभेखाली धरा, गिळू नका. पाच मिनिटांत उतार नाही तर दुसरी, मग तिसरी, तरीही कळ थांबली नाही तर दवाखाना गाठा. कळ आल्याचं सोंगसुद्धा मी करून दाखवलं. लोक खूश, मी तर हवेत.

तेवढ्यात फौजेतून पेन्शनीवर आलेले एक सुभेदार उठले. त्यांना ही गोळी चालू होती. कमरेची चंची काढून म्हणाले, "बाई, काचंची बाटली कुठं मिरवू? पान-सुपारीसंगं हितंच ठिवली तर चालंल न्हवं?"

गोळ्या बाटलीतच ठेवायच्या, हे मला शिकवलेलं होतं. का, ते मी विचारलं नव्हतं. आणि आता सगळ्यांसमोर अडखळायचं? "चालेल की," मी म्हणाले, "फक्त सुपारी समजून चघळू नका." काय हशा पिकला. परतताना जीपमध्ये मी गाणी म्हणत होते.

पावसाळा सरल्यावर पुन्हा गेलो, तर सुभेदार वारलेले. त्यांच्या बायकोने, काकींनी, चंची माझ्यापुढे ठेवली. "तीन गोळ्या दिल्या, बाई, तुमी सांगितल्या तशा. कळ हटली न्हाई. माजं काय चुकलं का?"

उघड्यावर राहिली की त्या गोळीचा जोर उडून जातो, हे तोवर मला कळलं होतं. उरलेल्या गोळ्यांचा कात-चुन्यात भुगा झाला होता. काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि मी — मी म्हणाले, "द्यायला उशीर झाला, काकी."

त्यांनी मान डोलावली. चांगल्या गोळीने सुभेदार वाचलेच असते का? माहीत नाही. त्या क्षणी हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. मी फक्त घाबरले होते.

एवढ्यावर तरी थांबले का? पुढच्या सभेत काकी आपणहून उभ्या राहिल्या. "बायांनो, मी उशीर केला. तुमी करू नगा." चावडी चिडीचूप झाली. माझ्या बोलण्याने असं कधी झालं नव्हतं — आणि मला आनंद झाला, अगदी उकळी फुटली. मी त्यांना आणखी चार गावांत घेऊन गेले. गोळी बाटलीतच ठेवा, हे मी आता प्रत्येक गावात बजावून सांगत होते. तो भाग आला की काकींना चहाला पाठवत होते.

चारही वेळा त्या उठून गेल्या. पुढे खूप वर्षं जगल्या, आणि आपण उशीर केला, असंच शेवटपर्यंत सांगत राहिल्या.