सुहानी अस्खलित वाचन करते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्या बाईंना मागे बसवून सोळा वर्षं स्कूटीवरून शाळेत गेले त्यांनाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? — माहीत नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीचं माणूस समोर असलं की माझी जीभ लगेच माझीच वकिली करायला लागते, एवढं मला पन्नाशीत कळलंय.

मागच्या महिन्यात मला तालुक्याला बोलावलं होतं, शिक्षकांच्या प्रशिक्षणात. विषय — लहान मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी. या विषयावर मला नेहमी बोलावतात, आणि खोटं कशाला बोलू, मी बोलतेही बरी. पुस्तकं कपाटात कोंडू नका. फाटली तर फाटू द्या. आधी तुम्ही स्वतः रंगून वाचून दाखवा, आणि वाचून झालं की लगेच प्रश्न विचारून मुलांचा विरस करू नका. टाळ्या पडतात, चहा होतो, मी बसने घरी येते. आणि बसमध्ये दर वेळी वाटतं — मी आज खोटं बोलून आले. पण नेमकं कुठलं वाक्य खोटं होतं? सगळं भाषण उलटंपालटं करून पाहते. एकही सापडत नाही.

आता सांगतेच. सुहानीबद्दल सांगायचंय.

अठरा-एकोणीस वर्षं झाली. लाखांदूर तालुक्यात, दिघोरीच्या पुढे एका गावात माझी शाळा होती, चौथीपर्यंतची. आम्ही दोघीच शिक्षिका. पुस्तकांची एक पेटी शाळेला मिळाली होती, चित्रांची, छान पुस्तकं; पण मुलं त्या पेटीकडे इंजेक्शनच्या डब्याकडे बघावं तशी बघायची. शनिवारी मी वाचनाचा तास ठेवला. मुलं पुस्तक उघडत, चित्रं बघत, आणि दहा मिनिटांत निम्मा वर्ग ‘म्याडम, पाणी’ म्हणून बाहेर. मी रागवायचे. रागावून गोडी लागते का? — तेव्हा मला एवढंही कळत नव्हतं.

सुहानी तिसरीत. तलावाच्या पाळीवरच्या ढिवरांच्या वस्तीतली. तिचे बाबा शालिकभाऊ तलावात मासेमारी करायचे, आणि दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरली की नाटकात काम करायचे. गावचं नाटक असलं तरी शालिकभाऊंचा आवाज म्हणजे आवाज! शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. घरात कुणीतरी संवाद वाचून दाखवायचं, ते दोनदा ऐकायचे, तिसऱ्यांदा स्वतः म्हणायचे. तालमीच्या वेळी सुहानी तिथेच मांडी घालून बसलेली असायची.

एका शनिवारी ती उठली आणि म्हणाली, ‘मी वाचू?’ अस्वलाच्या चपलांची गोष्ट होती. अस्वल बाजारात चपला घ्यायला जातं, दुकानदार म्हणतो दोनच मिळतील, अस्वलाला पाय चार. मी ती आठवड्यापूर्वी वर्गाला वाचून दाखवली होती. सुहानीने पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि सुरू झाली. अस्वलाचा आवाज वेगळा, दुकानदाराचा वेगळा. कुठे थांबायचं तिला बरोबर कळत होतं. पाणी प्यायला गेलेली मुलं परत आली आणि दारातच उभी राहिली. वाचून झाल्यावर पेटीपाशी जी झोंबाझोंबी झाली — अहो, मी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकासाठी मुलांना भांडताना पाहिलं. मला रडू आलं होतं.

त्यानंतरचा प्रत्येक शनिवार तिचा. ती एक पुस्तक वाचायची आणि मग बाकीच्यांना तेच हवं असायचं. जी पोरं जोडाक्षर आलं की घाम पुसायची ती अक्षराला अक्षर लावत अस्वलाची घासाघीस वाचायला लागली, कारण त्यांना सुहानीसारखं वाचायचं होतं. दोन-तीन महिन्यांत माझा वर्ग बदलला. हे मी फुगवून सांगत नाहीये. खरंच बदलला.

आणि मग ती चिकटलेली पानं.

पेटी गळक्या खोलीत होती. अस्वलाच्या पुस्तकाच्या दोन प्रती होत्या, आणि त्यातल्या एकीची मधली पानं ओलीने एकमेकांना चिकटली होती. त्या दिवशी सुहानीच्या हातात नेमकी ती प्रत आली. मी तिच्या मागेच उभी होते. तिच्या समोरच्या पानावर अस्वल चपला घालून घरी निघालं होतं — आणि सुहानी त्या पानाकडे बघत बघत दुकानातली सगळी घासाघीस म्हणत होती. न अडखळता. शब्दाला शब्द. जी पानं उघडलीच नव्हती ती ती वाचत होती.

सुट्टीत तिला बाजूला घेतलं आणि पेटीतलं एक अजून कुणी न उघडलेलं पुस्तक दिलं. वाच म्हटलं. ती हसली. ‘म्याडम, हे तं तुमी अजून वाचलंच नाई. पहिले तुमी वाचा, मंग मी वाचतो. आमच्या बाबाचं असंच असते.’

लपवत नव्हती हो ती काही. तिच्या मते वाचणं म्हणजे हेच होतं. फळ्यावर ‘घर’ लिहून विचारलं तर तिने चित्र शोधलं.

तिसरीतली मुलगी, आणि अक्षरओळख नाही. तीन वर्षं माझ्याच हाताखाली. हे माझ्या ध्यानात का आलं नाही? पाठ्यपुस्तकातले धडेही ती असेच म्हणायची, आणि फळ्यावरचं पाहून पाहून सुंदर उतरवायची, चित्र काढल्यासारखं. मी स्वतःची समजूत घातली — सोमवारपासून हिला मुळापासून शिकवायचं. मनापासून ठरवलं होतं मी. सोमवारी निरोप आला की जिल्ह्याचे साहेब शनिवारी आपला वाचनतास बघायला येणार.

त्या आठवड्यात मी सुहानीला अक्षरं शिकवली नाहीत. नवं पुस्तक वाचून दाखवलं. रोज, मधल्या सुट्टीत, बाकीची मुलं खिचडी खात असताना. पान कधी उलटायचं तेही सांगितलं.

साहेब खूश झाले. पुढच्या महिन्यात आणखी दोन शाळांचे शिक्षक आले. मग शुक्रवारची मधली सुट्टी म्हणजे आमची दोघींची तालीमच झाली. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, जादा मार्गदर्शन चालू आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पाटी मी दोन-तीनदा काढली होती, नाही असं नाही. पण अक्षरांपुढे ती कंटाळायची. आणि — थांबा, इथेच मी नेहमी घसरते — ती कंटाळायची हे खरं, पण मला ते बरंच वाटायचं. कारण ती खरोखर शिकायला लागली असती तर वर्षभर चाचपडत, बोट ठेवून, अक्षर अक्षर करत वाचली असती. आणि अडखळणारी सुहानी मला नको होती. पाहुण्यांसाठी तर नकोच होती, पण बाकीच्या एकवीस मुलांसाठीही नको होती, जी तिच्याकडे बघून पुस्तकं उचलत होती. मग मी त्यांच्यासाठी केलं का ते? की स्वतःसाठी? कधी वाटतं त्यांच्यासाठी, कधी वाटतं छे, सगळा माझाच मिरवण्याचा सोस. आजही या दोन्हींचा गुंता मला सुटत नाही. त्या एकवीसमधली एक आज नर्स आहे, एक जण स्वतः शिक्षक झालाय, दोघं-तिघं अजून फोन करून विचारतात, म्याडम, नवीन काय वाचताय? त्यांचं वाचन खरं आहे. ते एका खोट्यातून आलं. मग त्याचं काय करायचं?

दीड वर्ष हे चाललं. चौथीच्या शेवटी तिच्या प्रगतिपत्रकावर मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं — अस्खलित वाचन करते. आणि सही केली.

पाचवीला ती तीन कोसांवरच्या मोठ्या शाळेत गेली.

इथपर्यंतचं कदाचित मी कुणाला सांगूही शकले असते. चूक झाली, मोह झाला, म्हणता येतं. पुढचं नाही सांगता आलं.

धानकापणीचे दिवस होते. दुपारी शालिकभाऊ शाळेत आले, सुहानीला सोबत घेऊन. त्या शाळेतल्या सरांनी वर्गात तिला एक पान वाचायला दिलं होतं, पूर्वी कधी न ऐकलेलं. ती नुसती उभी राहिली. मुलं हसली. सरांनी बापाला बोलावून सांगितलं की पोरीला पहिलीत बसवायच्या लायकीचंही येत नाही. शालिकभाऊ तलावावरून तसेच आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. व्हरांड्यात माझ्या सोबतच्या बाई होत्या, पोषण आहाराच्या ताई होत्या.

‘म्याडम, ते सर म्हणतेत का पोरीले काईच वाचता येत नाई. मी म्हणलो, असं कसं? जिल्ह्याच्या सायबासमोर वाचलं पोरीनं. तुमी सांगा — येत होतं का नाई?’

साधा प्रश्न. हो किंवा नाही. ‘नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? माझी नाचक्की झाली असती. दोन-चार दिवस गावात चर्चा, वर एखादी नोटीस. आणि तिला त्या दिवशी संध्याकाळपासून शिकवायला बसता आलं असतं. दहा वर्षांची होती ती. दहाव्या वर्षी काहीही शिकता येतं, आणि तिच्यासारख्या डोक्याच्या पोरीला तर सहा महिने पुरले असते.

मी म्हणाले, ‘येत होतं ना, शालिकभाऊ. चांगलं येत होतं. तिकडे गेल्यावर लक्ष नसेल देत.’

लक्ष नसेल देत! दोष उचलला आणि दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवला. इतक्या सहज, की मला स्वतःला नवल वाटलं. शालिकभाऊ तिच्याकडे वळले. ‘आयकलं? ध्यान नाई तुह्यं.’ हात उगारला नाही त्यांनी. मला हात जोडले आणि निघाले. सुहानी माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर मी कदाचित तिथेच कोसळले असते. पण राग नव्हताच. ती विचारात पडली होती, घरातली एखादी वस्तू आपण कुठे ठेवली ते आठवताना माणूस पडतं तशी. म्याडम म्हणतात म्हणजे आपल्याला येत होतं. मग गेलं कुठे?

सातवीपर्यंत ती कशीबशी त्या शाळेत ढकलली गेली. मग आईसोबत धानाच्या रोवण्याला, लावणीला जायला लागली असं ऐकलं. तलावाच्या पाळीवरून मी नंतर कितीदा तरी गेले. तिचं घर रस्त्यालाच होतं. मी स्कूटी थांबवली नाही. मागे बसलेल्या बाई एकदा म्हणाल्या, त्या सुहानीचं काय झालं हो? मी म्हणाले, हुशार होती, पण घरचं वातावरण. घरचं वातावरण म्हणे! ज्या घरात पोरीला दोनदा ऐकून अख्खं नाटक पाठ व्हायचं, त्या घराला मी नावं ठेवली.

आता माझी बदली झालीय. ज्या गावात आहे ते तिचं सासर निघालं. या जूनमध्ये ती मुलीला पहिलीत घालायला आली, सोबत नणंद होती. मी तिला लगेच ओळखलं. तिने मला माझ्याही आधी.

मी प्रवेशाचा फॉर्म पुढे केला. तिने तो नणंदेकडे सरकवला आणि हसून, अगदी मोकळेपणाने, तिला माझी ओळख करून दिली. ‘ह्या माह्या म्याडम. ह्याइनं मले असं वाचाले शिकवलं होतं का भंडाऱ्याचे सायेब आयकाले याचे. माह्याच ध्यानात नाई राहिलं. इसरली मी.’

नणंद म्हणाली, ‘वाचणं बी कोणी इसरते का वो वहिनी?’

‘मी इसरली ना,’ सुहानी म्हणाली. आणि मुलीला पुढे करून, ‘हिले चांगलं शिकवजा, म्याडम. ही माह्यासारखी धांदरट नाई.’

मी पेन उचललं आणि मुलीची जन्मतारीख विचारली. फॉर्म मीच भरला. आईचं शिक्षण या रकान्यात सातवी उत्तीर्ण लिहिलं.

वाचणं कुणी विसरत नाही. सुहानीला ते कधी आलंच नव्हतं, मी शिकवलंच नव्हतं. आणि हे तिला अजून माहीत नाही.