गंगाधर मास्तरांचा साचा

भोईवाड्यातल्या आमच्या शाळेत जिन्याखालच्या खोलीत एक लाकडी साचा, म्हणजे माग, होता. लुगडं नव्हे, हातभर रुंदीची पट्टीच विणता येईल एवढा. तो गंगाधर मास्तरांनी आणलेला. मास्तर आधी आठ वर्षं गिरणीत, साचेखात्यात होते. रात्रशाळेतून शिकून शिक्षक झाले आणि कार्यानुभवाचा तास त्यांच्याकडे आला. दुसऱ्या शाळांत त्या तासाला खडू आणि पाकिटं करायचे. मास्तर मुलांना तुटलेला धागा सांधायला शिकवत. गिरणीत नवा माणूस घेताना हीच परीक्षा असे. डोळे मिटायचे, पाच आकडे मोजून होईपर्यंत गाठ बसली पाहिजे आणि ती बोटाला लागता कामा नये.

हा तास मुलांचा. आम्हा मुलींना शिवण होतं. मुलींना काय शिकवावं यावर शाळेत कधी कोणी भांडलं नाही.

मुलांवरून मात्र भांडण होई. इतिहास शिकवणाऱ्या मृणालिनीबाई गिरगावातून येत. त्यांचं म्हणणं, मुलाला स्वतःच्या घरापलीकडचं जग दिसावं, कोणी काही सांगितलं तर त्याला ‘का’ म्हणता यावं, यासाठी शाळा असते. शिक्षकांच्या खोलीचं दार उघडं असे आणि आम्ही वह्या ठेवायला गेलो की ऐकू येई.

“मुलाला बापाच्याच जागेवर उभं करायचं असेल, तर शाळा कशाला हवी गंगाधरराव? बाप पुरे आहे.”

“बाई, ‘का’ विचारणाऱ्याला गेटवरून परत पाठवतात. गाठ येणाऱ्याला आत घेतात. मी गेटाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलोय.”

दोघांचाही आवडता विद्यार्थी एकच होता, महादेव. तीन आकड्यांत गाठ बसवायचा आणि इतिहासाच्या तासाला बाईंना भंडावून सोडायचा. मी त्याच्या मागच्या बाकावर बसत असे.

आम्ही दहावीत असताना, १९८१ च्या गणपतीनंतर, त्याचे वडील सीताराम शाळेत आले. छातीच्या दुखण्याने त्यांना साच्यावर उभं राहवत नव्हतं. त्यांनी राजीनामा दिला तर मुलाला बदलीत, म्हणजे कायम नसलेला कामगार म्हणून, घेऊ, असं गिरणीत कबूल झालं होतं. पण पोरगं मॅट्रिक व्हावं असंही त्यांना वाटे. ते बाईंकडे गेले नाहीत. आपल्यातला माणूस म्हणून मास्तरांकडे गेले. मास्तरांनी सांगितलं, मॅट्रिक रात्रशाळेतूनही होईल, मी झालो तसा. जागा पुन्हा येणार नाही. पुढच्या आठवड्यात महादेवचा बाक रिकामा झाला.

जानेवारीत संप सुरू झाला.

सुरुवातीला मास्तर म्हणत, दिवाळीच्या आत मिटेल. दिवाळी गेली. दुसरीही गेली. सीताराम गावी गेले ते तिकडेच वारले. गिरणी मग पूर्वीसारखी चाललीच नाही, आणि जे थोडे परत घेतले त्यांत बदलीवाल्यांना कोण विचारतो? महादेव शिवडीला एका गोदामात गोणी उचलायला लागला.

बाहेरून मॅट्रिकला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. मास्तर दरवर्षी तो फॉर्म घेऊन शिवडीला जात. महादेवने कधी त्यांचा अपमान केला नाही. चहा पाजायचा. एकदा, मी कॉलेजात असताना, मास्तरांनी मला बरोबर नेलं. तुझं ऐकेल, म्हणाले. महादेव गोणीचं तोंड सुतळीने बांधत होता. सुतळी तुटली, आणि वरही न बघता त्याने ती सांधली.

“बघा मास्तर,” तो हसत म्हणाला, “तुमच्याच विषयात नोकरी लागलीय.”

मग त्याने शेजारच्या हमालाला हाक मारली. तो धर्मा होता. आमच्याच वर्गातला, इतिहासात पहिला, दहावी पास. “ह्याने शाळेतूनच परीक्षेचा फॉर्म भरलेला, मास्तर. विचारा त्याला.”

मास्तरांनी ते बाईंना सांगितलं. महादेवचे हाल ऐकून आपण जिंकलो असं बाईंना वाटेल, ही मास्तरांची समजूत होती. बाई धर्माचं नाव ऐकून तासाला न जाता घरी गेल्या. त्यानंतर ते दोघं कधी भांडले नाहीत. मास्तर उरलेली वर्षं पुस्तकातले धडे वाचून दाखवत. पालक सल्ल्याला आले की, मला नका विचारू, म्हणत. साच्यावर जुने नकाशे ठेवलेले मी पाहिले आहेत.

माझी मुलगी यंदा आठवीत जाईल. शाळेने फॉर्म दिला आहे: टेक्निकल की संस्कृत. मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले आणि पतपेढीत कारकुनी करते, त्यामुळे माझ्या मताला घरात फारशी किंमत नाही, माझ्या स्वतःच्या लेखीही नाही. पण चूक झाली तर ती तिला भोगावी लागणार. म्हणून रविवारी तिला घेऊन मास्तरांकडे गेले. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली.

त्यांनी चष्मा लावून फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. तिला विचारलं, तुला काय आवडतं. ती म्हणाली, दोन्ही. त्यांनी फॉर्म घडी करून माझ्या हातात परत दिला.

“मी एकदा एका बापाला सांगितलं होतं,” ते म्हणाले.

मुलीला मी गाठीची गोष्ट सांगितली होती. तिने शिकवा म्हणून हट्ट धरला. मास्तरांनी उशीच्या अभ्र्याचा निघालेला दोरा तोडला, दोन टोकं तिच्या बोटांत दिली आणि डोळे मिटायला सांगितलं. तिने मिटले. एक, दोन, असं मोजायलाही तिने सुरुवात केली. मास्तर तिच्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच दोन्ही टोकं तिच्या हातातून काढून घेतली, दोरा स्वतःच्या बोटाभोवती गुंडाळला आणि खिशात टाकला.

ती डोळे मिटूनच पाचपर्यंत मोजत होती.

फॉर्म शनिवारी द्यायचा आहे. बाईंकडे जावं असंही मनात आलं, पण त्या काय सांगतील? मुलगी रोज विचारते, मास्तर काय म्हणाले. मी सांगते, विचार करून सांगणार आहेत. दोन्ही चौकटी अजून रिकाम्याच आहेत.