बूट दिसले की नवाब पलंगाखाली

वाटूरचा धर्मराज सकाळी फिरायला निघायचा म्हणजे घरातून वरात निघाल्यासारखा गोंधळ. जन्मभर एसटीत ड्रायव्हर होता. तयारीशिवाय पाऊल टाकणं त्याला ठाऊकच नव्हतं. आधी बूट आपटून विंचू झाडायचे. मग काठी, मफलर, गळ्यात शिट्टी, आणि शेवटी नवाबची साखळी खणखणत काढायची. नवाब म्हणजे त्याचा कुत्रा. एरवी म्हशीवर भुंकणारा हा गडी बूट आपटला की थरथरत पलंगाखाली शिरायचा.

"बाहेरच्या कुत्र्यांना भिऊन राह्यला," धर्मराजनं निदान केलं आणि आणखी जाड काठी आणली. नवाब आणखी आत सरकला. त्याला धीर यावा म्हणून धर्मराजनं जोरात शिट्टी मारली. नवाब थेट ज्वारीच्या पोत्यांमागं.

"अहो, कुत्र्याला फिरायला नेऊन राह्यले का लढाईला?" नंदाबाई चुलीपासून ओरडली.

एका सकाळी घरात विरजण नव्हतं. तिनं नवऱ्याच्या हातात वाटी दिली. धर्मराज बनियनवर, अनवाणीच शेजारच्या साळूबाईकडे निघाला. मागं बघतो तर नवाब शेपूट हलवत हजर! साळूबाईकडून दही घेतलं, तरी तो मागं न फिरता पार फाट्यापर्यंत उड्या मारत गेला. मागून धर्मराज, दह्याची वाटी सांभाळत.

घरी येऊन तो नवाबसमोर फतकल मारून बसला. एक बूट घातला. नवाबचे कान पडले. काढला. कान उभे. पुन्हा घातला. पडले. काठी उचलली तर नवाबनं तोंडच फिरवलं.

"अगं, ह्यो रस्त्याला न्हाई, मलाच भिऊन राह्यला!"

"मंग? तुमची तयारी बघून मला बी धडकी भरती."

धर्मराजचा चेहरा पडला. त्यानं नवाबचं डोकं बराच वेळ खाजवलं.

दुसऱ्या दिवसापासून तो बूट पिशवीत लपवून नवाबबरोबर चोरपावलांनी बाहेर पडू लागला आणि पारावर त्याच्याकडं पाठ करून बसून पायात घालू लागला.

"ड्रायव्हरसाहेब, वहिनीनं हाकललं का?" पारावर बसलेल्या बद्रीनाथनं विचारलं.

"हळू बोल. नवाबला कळंल."

बुटांची भीती मोडायला धर्मराज आता रोज भाकरीचा तुकडा बुटात ठेवतो. परवा नवाबनं भाकरी खाल्ली आणि लगेच बुटाची जीभही खाल्ली. नंदाबाईनं कपाळावर हात मारला; धर्मराज मात्र 'भीती मोडली!' म्हणत फाटका बूट गल्लीभर दाखवत फिरला.