नकाशातल्या लाल रस्त्याने

गाडी मी चालवते, हे आधीच सांगून टाकते. वांगी-टोमॅटो आदिलाबादच्या बाजारात पोचवायला ड्रायव्हर ठेवणं परवडेना, म्हणून जुनी व्हॅन घेतली आणि चाळिशीत चालवायला शिकले. नवऱ्याचं गुडीहत्नूरला किराणा दुकान. त्याने स्टिअरिंग धरलं की त्याला घाम फुटतो. मी शिकत होते तेव्हा लोक हसले. हसू दिलं.

ही गोष्ट जिल्ह्याचे तुकडे झाल्यानंतरची. पूर्वी सगळी दफ्तरं आदिलाबादला होती, आमच्यापासून अर्ध्या तासावर. मग एका जिल्ह्याचे चार झाले आणि पुढे नोकरदारांचीही वाटणी झाली. माझी मुलगी गणित शिकवते. तिच्या वाट्याला निर्मल जिल्हा आला. तुम्हाला चालेल का, असं कुणी विचारलं नाही.

शाळा मात्र निवडायची होती. ठरल्या दिवशी निर्मलच्या कार्यालयात सेवाज्येष्ठतेप्रमाणे नावं पुकारणार, आणि ज्याचं नाव येईल त्याने रिकाम्या जागांतली एक सांगायची. पुकारताना माणूस हजर नसेल तर नाव यादीच्या तळाला. घाट उतरल्याबरोबर महामार्गाला लागून एक शाळा होती. ती मिळाली तर मुलीला घरून रोज बसने जाऊन-येऊन करता आलं असतं. बाकीच्या जागा जंगलाच्या आत होत्या, तिथे खोली करूनच राहावं लागलं असतं. जावई लांब नोकरीला, म्हणून ती आमच्याकडे राहत होती आणि तिची लेक तेव्हा अंगावर पीत होती. लेकराला घेऊन जंगलात एकटीने राहा, नाही तर लेकरू मागे ठेवून जा, असे दोनच पर्याय तिच्यापुढे ठेवणाऱ्या वाटणीला मी मनातल्या मनात कधीच नकार देऊन टाकला होता.

त्या सकाळी निरोप आला की नावं अकराऐवजी दहालाच सुरू होणार. बाळाला पाजून सासूबाईंपाशी दिलं आणि निघालो. पुढे माझ्या शेजारी धाकटे दीर, मागे नवरा आणि मुलगी. दीर हैदराबादला असतात आणि मोबाइलमधल्या नकाशाशिवाय गल्लीसुद्धा ओलांडत नाहीत.

इच्चोड्याला पोचलो नाही तोच ते म्हणाले, "वहिनी, थांबा थांबा. पुढं समदं लाल दाखवून राह्यलं. भारी ट्रॅफिक. चाळीस मिनिटं विलंब."

मी चहाच्या टपरीपाशी गाडी घेतली.

"आतून घ्या," दीर म्हणाले. "हा पाहा, गावागावांतून रस्ता आहे. निळा, एकदम साफ. दहा वाजून पाच मिनिटाले पोचतो."

मागून नवरा म्हणाला, "घे वो आतून. तो सांगते त काई चुकीचं सांगते का?"

"मागच्या साली यायनंच सांगितलं होतं," मी म्हणाले.

मागच्या वर्षी याच दिवसांत ते अशाच एका निळ्या रस्त्याने आम्हाला घेऊन गेले होते. दुसऱ्याच गावात डांबरावर तूर पसरलेली. आमच्याकडे तूर कापली की झाडं रस्त्यावर टाकतात. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात, मळणी फुकटात होते. मीही टाकते. व्हॅन खाली बसकी. तुराट्या चाकामागे अशा गुंडाळल्या की आडवं पडून विळ्याने कापून काढाव्या लागल्या. ज्यांची तूर होती ती म्हातारी वरून आम्हालाच म्हणाली, "अजून दोन चकरा मारा नं, बाई." त्या रस्त्यावर गाड्या फिरकत नव्हत्या, म्हणून नकाशाला तो मोकळा वाटत होता. लोक तो टाळत होते, हे त्याला कोण सांगणार?

मी दिरांच्या हातातून मोबाइल घेतला आणि लाल पट्टी नीट पाहिली. नेरडीगोंड्याच्या अलीकडे जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना. पट्टी बरोबर त्याच्या फाटकापाशी संपत होती. त्यापुढे रस्ता निळा. चहा होईस्तोवर परत पाहिलं. पट्टी तेवढीच. अपघाताने रस्ता अडला की मागून गाड्या येत राहतात आणि रांग वाढत जाते. ही वाढत नव्हती, कमीही होत नव्हती. शिवाय रस्ता खरोखर बंद असता तर आमच्याकडचे ड्रायव्हर केव्हाच वळून उलट्या बाजूने परत आले असते. एकही आला नव्हता.

निर्मलकडून आलेली बस समोर थांबली. मी रस्ता ओलांडून ड्रायव्हरला विचारलं, "निर्मलकडं जाणाऱ्या गाड्या उभ्या आहेत का चालून राह्यल्या?"

"कापसाच्या उभ्या आहेत," तो म्हणाला. "बाकीच्या चालून राह्यल्या. हळू, पण चालून राह्यल्या."

मला एवढंच पाहिजे होतं. हळू आणि उभं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिनिंगपाशी कापसाच्या वजनासाठी रांगेत बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल असतो. तो हलत नाही, म्हणून नकाशा समजतो की रस्ताच हलत नाही. रस्त्यावर किती गाड्या आहेत याला मी फार महत्त्व देत नाही. अरुंद जागेतून किती सुटतात, ते मोजते. आणि लवकरचा रस्ता वेगळा, भरवशाचा वेगळा. लाल रस्त्यावर जास्तीत जास्त किती उशीर होईल ते मला माहीत होतं. निळ्यावर पाच मिनिटं वाचली असती, नाही तर आख्खा दिवस गेला असता.

"वहिनी, सॅटेलाइट वरून पाहून राह्यलं," दीर शेवटचं म्हणाले.

"पाहू द्या. त्याले माझी पोरगी नाई न्यायची."

मागून मुलगी पहिल्यांदा बोलली. "आई, चाल."

चार किलोमीटरवर रांग लागली. डावी लेन ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेली, माणसं चाकाला टेकून बिडी ओढताहेत, कापसाचे पुंजके काचेवर येऊन चिकटताहेत. उजवी लेन चालू होती. दुसऱ्या गिअरमध्ये, पण चालू. मोबाइल हिंदीत "आगे भारी ट्रैफिक है" म्हणत राहिला आणि आम्ही त्या भारी ट्रॅफिकच्या शेजारून पुढे सरकत राहिलो.

फाटकापाशी मात्र थांबावं लागलं. एक ट्रॉली आत वळता वळता उजव्या लेनमध्ये आडवी झाली होती. टॉवेल हलवून गाड्या थांबवणारा एक माणूस तेलुगूत ओरडला, "आगु अम्मा, आगु!" मी इंजिन बंद केलं नाही. नवरा मागून म्हणाला, "झालं. म्हटलं होतं." मी काच खाली केली आणि त्या माणसाला तेलुगूत सांगितलं की पोरीची हाजिरी आहे दहाला, ट्रॉली मागे घे, नाही तर तूच येऊन तिथे सही कर. तो हसला. बाई गाडी चालवते म्हणून हसला की काय, मला ठाऊक नाही, त्या वेळी फिकीरही नव्हती. त्याने ट्रॅक्टरवाल्याला एक कचकचीत शिवी दिली, ट्रॉली हातभर मागे गेली आणि त्या फटीतून मी व्हॅन काढली. उजवा आरसा ट्रॉलीला घासला. त्याच्यावरचा चरा अजून आहे, मी तो रंगवला नाही.

पुढे रस्ता रिकामा. घाट उतरताना मुलीने खिडकीतून ती शाळा दाखवली, पिवळ्या भिंतीची.

कार्यालयात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि पुकारा सुरू झाला होता. मुलगी जिन्यावरून धावत गेली. मी गाडी लावून वर पोचले तेव्हा तिच्या आधीच्या नावाच्या बाई जागा सांगत होत्या. त्यांनी निर्मल शहरातली शाळा घेतली. मग आमचं नाव. मुलीने घाटाखालच्या शाळेचं नाव इतक्या मोठ्याने घेतलं की साहेबांनी मान वर केली.

परतताना दीर म्हणाले, "नशीब वहिनी, ट्रॉली मागं गेली म्हणून."

"मागं घ्यायले लावली म्हणून," मी म्हणाले.

आता दर हंगामात कापूस निघाला की ती पट्टी लाल होते. त्या पट्टीतूनच मुलीची बस संध्याकाळी परत येते. नवरा मोबाइलवर विलंब पाहतो आणि नातीला कडेवर घेऊन अंगणात येरझारा घालतो. मला म्हणतो, "आज उशीर आहे, भाकरी मागून टाक." मी ऐकत नाही. रोजच्याच वेळेला तवा ठेवते. पहिली भाकरी फुगते तोवर अंगणाचं फाटक वाजतं.